त्याचे वाक्य त्याला पुरे करू द्या

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेची ढाल आपल्या महाविद्यालयाला मिळाली. ती आणणाऱ्या दोघींपैकी मी एक. ढाल दाखवायला म्हणून मी ती एका रात्रीपुरती घरी नेली, तेव्हा माझा धाकटा भाऊ दारातच उभा होता. त्याने ढालीवरून हात फिरवला आणि काही विचारायला सुरुवात केली. "ताई, तू..." एवढे म्हणून तो थांबला. पुढचा शब्द जुळवत होता. मला घाई होती. मी म्हटले, "हो रे, आम्हालाच मिळाली. पहिला नंबर!" त्याने मान हलवली आणि तो आत निघून गेला. रात्री जेवताना त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारायला घेतला. या खेपेला आई घास हातात धरून थांबली, आणि त्याचा प्रश्न आम्हाला कळला. त्याला विचारायचे होते, "ताई, तू काय बोललीस?"

ढाल कोणाला मिळाली हे त्याला विचारायचेच नव्हते. मी काय बोलले ते त्याला ऐकायचे होते. व्यासपीठावर सात मिनिटे समाजाला उपदेश करून आलेल्या मला, घरातल्या माणसाच्या एका वाक्यासाठी अर्धे मिनिट थांबता आले नाही. ही गोष्ट मनाला फार लागली. वाचकहो, हा लेख त्या लागण्यातून लिहिला आहे. तेव्हा यात जो दोष दाखवला आहे तो प्रथम माझा आहे, असे समजून वाचावे.

माझा भाऊ नुकताच बारा वर्षांचा झाला. दिसतो सात-आठ वर्षांचा. त्याला जो विकार आहे त्याचे नाव 'फ्लोटिंग-हार्बर सिंड्रोम'. नावावरून याचा समुद्राशी काही संबंध असावा असे वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते. परंतु हे नाव अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांच्या नावांतून जुळवलेले आहे. बोस्टन शहरातले 'फ्लोटिंग हॉस्पिटल' १८९४ साली बंदरातल्या एका जहाजावर, आजारी मुलांसाठी सुरू झाले होते. दुसरे, कॅलिफोर्नियातले 'हार्बर जनरल हॉस्पिटल'. १९७३ च्या सुमारास या दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांनी सारख्याच लक्षणांच्या मुलांची नोंद केली. उंची कमी, हाडांची वाढ मंद, बोलणे उशिरा आणि कष्टाने येणारे, आणि चेहऱ्याची एक विशिष्ट ठेवण. पुढे दोन्ही रुग्णालयांची नावे जोडून विकाराचे नाव तयार झाले.

कारण मात्र जवळजवळ चाळीस वर्षे अज्ञात होते. ते २०१२ साली सापडले. सोळाव्या गुणसूत्रावर 'एसआरसीएपी' नावाचे एक जनुक आहे. त्याच्या शेवटाकडच्या भागात बदल झाला, की त्या जनुकाबरहुकूम तयार होणारे प्रथिन अपुरे राहते. शरीरातली इतर जनुके केव्हा चालू व्हावीत, केव्हा थांबावीत, यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी ते एक आहे. म्हणून एवढ्याशा बदलाचा परिणाम उंची, हाडे, चेहरा आणि वाणी इतक्या ठिकाणी उमटतो. जगभरात या विकाराची नोंद झालेली माणसे शेकड्यांतच मोजावी लागतात. आमच्या तालुक्यात कोणी त्याचे नाव ऐकलेले नव्हते, यात कोणाचा दोष नाही.

दोष दिला गेला तो आईला. भाऊ तीन वर्षांचा झाला तरी पाच-सात शब्दांपलीकडे बोलत नव्हता आणि अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावर त्याचा ठिपका नेहमी खालीच पडत असे. आजीने वेखंड उगाळून जिभेला लावले. कोणी सांगितले म्हणून पोपटाने उष्टावलेले पेरू आणले. शेवटी, गरोदरपणी ग्रहण होते आणि त्या वेळी आईने विळीला हात लावला होता, असा शोध लागला. आजी वाईट नव्हती. तिला नातवाची काळजी होती आणि तिच्यापाशी एवढेच ज्ञान होते. परंतु त्या ग्रहणाची सावली आमच्या घरावर चार वर्षे राहिली. आई दूध कमी पाजल्याचा हिशेब करी, डोहाळजेवणात काय खाल्ले ते आठवी, आणि कोणी पाहत नाहीसे पाहून रडे.

भाऊ सात वर्षांचा असताना मुंबईच्या डॉक्टरांनी रक्ताची जनुकीय तपासणी करविली आणि विकाराचे नाव कळले. त्यांनी आईला समोर बसवून सांगितले, की हा बदल बहुतेक मुलांमध्ये नव्याने झालेला असतो. तो आईकडून आलेला नसतो, वडिलांकडूनही नाही. गरोदरपणातल्या खाण्यापिण्याने किंवा ग्रहणाने तो होत नाही. त्या दिवशी आई परतीच्या एसटीत सबंध रस्ताभर शांत झोपली. तिला तसे झोपलेले मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

"औषधच नाही तर नाव कळून काय उपयोग?" असे आम्हाला अनेकांनी विचारले, काही शिकलेल्या लोकांनीही. माझे उत्तर असे, की नाव कळल्याने माझ्या भावाची उंची बोटभरही वाढली नाही हे खरे. पण एका निरपराध बाईची शिक्षा संपली. शिवाय कशावर लक्ष ठेवायचे ते कळले. मूत्रपिंडे, दात, डोळे, कान यांची तपासणी का करून घ्यायची, वयात येण्याच्या खुणा लवकर दिसू लागल्या तर डॉक्टरांकडे का जायचे, हे समजले. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने काही मुलांना दिली गेली आहेत, पण त्यांचा गुण सर्वांना सारखा येत नाही, हेही तिथेच कळले. नाहीतर कोणीतरी 'हमखास उंची वाढवतो' म्हणून सांगितले असते आणि वडिलांनी कर्ज काढले असते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. अशा मुलाच्या बाबतीत आपली पहिली चूक वयाची होते. भाऊ साडेचार वर्षांचा असताना त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढला होता. हाडांवरून त्याचे वय दोन-अडीच वर्षे भरले. (या विकारात हाडांची वाढ पुढे शाळकरी वयात बरोबरीला येते, पण उंची बहुधा कमीच राहते.) तेव्हापासून मी पाहते आहे, की माझ्या भावाला अनेक वये आहेत. हाडांचे एक, उंचीचे एक, जिभेचे एक, आणि जन्मतारखेचे एक. जो तो आपल्या सोयीचे वय उचलतो. पाहुणे त्याला कडेवर घेऊ पाहतात, गालगुच्चे घेतात, "कोणाचं बाळ गं तू?" असे बोबडे बोलतात. काही भले लोक 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' म्हणून पाठ थोपटतात. सातवीतल्या मुलाला हे सारे कसे वाटत असेल? त्याचे खरे वय एकच, जन्मतारखेचे. त्याला क्रिकेटचे वेड आहे, मिशी केव्हा फुटेल याची चिंता आहे, आणि बहिणीचा राग येतो. बारा वर्षांच्या मुलाशी बोलावे तसेच त्याच्याशी बोलले पाहिजे. यासाठी पैसा लागत नाही की कायदा लागत नाही.

दुसरी चूक बुद्धीची. जो बोलत नाही त्याला समजत नाही, असे आपण धरून चालतो. 'बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत' ही म्हण आपल्या समाजाने फारच मनावर घेतली आहे. या विकारात सहसा समजण्यापेक्षा बोलणे अधिक मागे असते. ऐकलेले कळते, पण ओठ, जीभ आणि टाळू यांची हालचाल मनासारखी जुळत नाही, आवाज बारीक आणि नाकातून येतो. माझ्या भावाचे 'पाणी' पुष्कळ दिवस 'माणी' होते. आम्हा घरच्यांना ते कळे, दुकानदाराला कळत नसे. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या मुलांची बुद्धी सारखी नसते. काहींची जवळजवळ इतरांसारखी, तर काहींची बरीच मागे असते. माझा भाऊ गणितात मागे आहे, आणि राग आला म्हणजे वस्तू फेकतो. 'आतून तो फार हुशार आहे, म्हणून त्याचे ऐका', असे मला म्हणायचे नाही. हुशारी ही ऐकून घेण्याची अट असेल तर आपल्यातल्या कित्येकांचे कोण ऐकेल?

आता माझ्या अपराधाविषयी. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. त्याचे बोलणे सर्वांत आधी मला कळू लागले आणि मी घरातली दुभाषी झाले. तो "ता..." म्हणाला की मी "त्याला ताक हवंय" म्हणून सांगे. पाहुण्यांनी नाव विचारले की मी सांगे. माझे कौतुक होई. "बहीण असावी तर अशी!" मलाही ते आवडे. या कौतुकात हळूहळू असे झाले, की त्याने बोलायचा प्रयत्नच सोडला. काही विचारले की तो माझ्याकडे पाही. त्याला बोलता येत नव्हते म्हणून मी बोलत होते, की मी बोलत होते म्हणून तो बोलत नव्हता, हे सांगणे पुढे कठीण झाले.

हे आमच्या ध्यानात आणून दिले ते वाचोपचार करणाऱ्या बाईंनी. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते, आणि ज्यांच्या वाढीत उशीर आढळतो त्यांना तिथे पाठवतात. तिथे बाईंनी भावाआधी मलाच शिकवले. त्याने तोंड उघडले की मनात दहा आकडे मोजायचे. 'काय हवं?' असे विचारून थांबण्यापेक्षा 'दूध की ताक?' असे दोन पर्याय द्यायचे, म्हणजे शब्द त्याच्या कानावर पडतात आणि निवड त्याची राहते. तो 'माणी' म्हणाला तर 'नीट बोल' म्हणून दटावायचे नाही, 'हो, पाणी. गार पाणी देऊ?' असे म्हणून बरोबर शब्द सहज ऐकवायचा. आणि मुख्य म्हणजे, जे मला आधीच कळले आहे तेही त्याने सांगेपर्यंत कळले नाही असे समजायचे.

त्यांनी चित्रांची कार्डे आणि हाताच्या खुणाही दिल्या. वडील बिथरले. "खुणा शिकला तर बोलेल कशाला?" ही भीती अनेक पालकांना असते. ती निराधार आहे. खुणा आणि चित्रे यांनी बोलणे मागे पडत नाही, उलट पुष्कळ मुलांना त्यांचा आधारच होतो. सांगता येत नाही म्हणून होणारी चिडचिड कमी झाली की प्रयत्नाला बळ राहते. भावाचे वस्तू फेकणे कार्डे आल्यावर निम्म्याने कमी झाले. 'घरात मराठी बोलू नका, मूल दोन भाषांत गोंधळेल' असाही सल्ला आम्हाला मिळाला होता. तो ऐकला असता तर आजी नातवाशी कोणत्या भाषेत बोलली असती? ज्या भाषेत घरातली माणसे मोकळेपणी बोलतात, तीच मुलाला अधिक ऐकायला मिळते. दुसरी भाषा नंतर येईल.

शाळेची गोष्ट थोडक्यात सांगते. एका शाळेत आम्हाला सांगण्यात आले, "आधी बोलायला लागू द्या, मग दाखल करू." पोहायला आल्यावर पाण्यात उतर, असे म्हणण्यासारखेच हे झाले. दुसऱ्या शाळेने घेतले. तिथल्या वर्गशिक्षकांनी फार काही केले नाही. कविता म्हणण्याची त्याची पाळी आली की ते खिडकीबाहेर न पाहता त्याच्याकडे पाहत आणि त्याचे होईपर्यंत पुढच्या मुलाचे नाव घेत नसत. चाळीस मुलांचा वर्ग तेवढ्यानेच ऐकायला शिकला.

कायद्याने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले, आणि त्यांत ठेंगूपणा आणि वाचा व भाषेचे दिव्यांगत्व ही दोन्ही आली. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचा त्यात उल्लेख आहे; उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. परंतु ठेंगूपणाची व्याख्या प्रौढ माणसाच्या उंचीवर बेतलेली आहे, १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. वाचेच्या व्याख्येत उदाहरणे आहेत ती स्वरयंत्र काढलेल्या किंवा मेंदूतील बिघाडाने वाचा गेलेल्या माणसाची. ज्याची उंची अजून ठरायची आहे आणि ज्याची वाचा गेलेली नसून हळूहळू येते आहे, असे मूल या दोन्हींच्या मध्ये पडते. आमच्या फायलीला तीन वर्षे झाली. दर खेपेला कोणते तरी एक कागदपत्र कमी असते. दुर्मिळ आजारांसाठी २०२१ साली राष्ट्रीय धोरणही आले, आणि ठरवून दिलेल्या आजारांच्या उपचारांसाठी पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली. ही स्वागतार्हच गोष्ट आहे. पण त्या धोरणाचा विचार मुख्यतः औषध आणि शस्त्रक्रिया यांचा. आमच्या गरजेची बाटली कोणत्याच कंपनीत तयार होत नाही. आम्हाला हवा आहे तो तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा येणारा वाचोपचारतज्ज्ञ. जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यायेण्यात वडिलांचा एका दिवसाचा रोज बुडतो, आणि म्हणून पुष्कळ मुलांचे उपचार दोन-चार महिन्यांत थांबतात. सरकारकडे मागायचे असेल तर आधी हे मागितले पाहिजे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली एक गोष्ट सांगते. आम्ही दोघे मामाकडे एसटीने निघालो होतो. कंडक्टर आले. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, म्हणून माझे अर्धे. भावाकडे पाहून ते म्हणाले, "याचंही अर्धंच ना?" लहान मुलांचे अर्धे तिकीट बारा वर्षांपर्यंत, आणि भावाला बारा पुरी होऊन महिनाच झाला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने माझा हात दाबला. मी गप्प बसले. त्याने सुरुवात केली. "म... मला..." गाडी भरलेली, मागे माणसे उभी. कोणीतरी म्हणाले, "अहो, द्या लवकर." कंडक्टरांनी हात वर करून त्या माणसाला थांबवले आणि मशीन धरून तसेच उभे राहिले. मी मनात आकडे मोजत होते. दहा संपले, पुन्हा एकपासून मोजले. शेवटी तो म्हणाला, "मला फुल. बारा झाली." कंडक्टर म्हणाले, "बरं साहेब, फुल," आणि तिकीट त्याच्या हातात दिले. ते तिकीट त्याने अजून कंपासपेटीत ठेवले आहे. अर्ध्या तिकिटाचे पैसे वाचवता आले असते, असे मामा म्हणाला. मला नाही तसे वाटत.

आता प्रश्न असा येईल, की शेकड्यांत मोजावा अशा विकाराचा विचार आपल्या महाविद्यालयाने का करावा? माझ्या भावासारखा विद्यार्थी इथे कदाचित येणारही नाही. परंतु मित्रहो, तोतरा बोलणारा मित्र आपल्या वर्गात आहेच. कमी ऐकू येणारी मैत्रीण आहे. वाडीवस्तीवरून आलेला, घरची बोली तोंडी असलेला आणि प्रमाण मराठीत चूक होईल या भीतीने वर्षभर तोंड न उघडणारा विद्यार्थी तर प्रत्येक बाकावर आहे. या सर्वांना जे हवे आहे ते एकच आहे.

म्हणून तीन लहान सूचना करते. वर्गात प्रश्न विचारल्यावर प्राध्यापकांनी पहिल्या वर आलेल्या हाताला लगेच उत्तर सांगू न देता थोडे थांबावे. तोंडी परीक्षेत ज्याला बोलायला वेळ लागतो त्याला वेळ द्यावा, प्रमाणपत्र असो वा नसो. आणि आपण विद्यार्थ्यांनी, समोरच्याचा शब्द अडला की तो पुरवण्याचा मोह आवरावा. आपण कला शाखेचे विद्यार्थी भाषा शिकतो, म्हणजे बहुतेक बोलायला शिकतो. वक्तृत्वाला ढाल आहे, वादविवादाला करंडक आहे. ऐकण्याला बक्षीस नाही आणि ते नसावेच. पण त्याचा सराव तरी असावा.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी भावाला माझे सबंध भाषण म्हणून दाखवले. त्याने सात मिनिटे एकही शब्द न बोलता ऐकले. मग तो काही सांगू लागला. मी बसून राहिले. त्याला म्हणायचे होते, की भाषण चांगले आहे, पण मी फार भरभर बोलते.

त्याचे म्हणणे बरोबर आहे.